सान्सेव्हिएरिया की ड्रसीना?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा त्रागा पोचला. कुंडीतल्या साध्या स्नेक प्लांटला एक साइट सान्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा म्हणते, दुसरी ड्रसीना ट्रायफॅसिएटा. तर यातली खोटी कोणती, असं तू विचारलंस. खोटी कुणीच नाही. डीएनए तपासल्यावर सान्सेव्हिएरियाची सगळी मंडळी ड्रसीनाच्याच घरातली निघाली, म्हणून 2017 साली ही जातही तिकडे गेली. एक नाव जुनं आहे, इतकंच.

असा घोळ झाला की लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही साइट उघडायची. तिथे जुनं नाव टाकलं तरी ते मान्य नावापाशी नेऊन सोडतं. जोडीला 'वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन' ही तशीच दुसरी साइट बघ. कधीकधी या दोघांचंही पटत नाही. मान्य नाव हे शेवटी अभ्यासकांचं मत असतं, तेव्हा कुणाचं मत कोणत्या तारखेला घेतलंस ते वहीत लिहून ठेव. जुन्या लेखांत 'द प्लांट लिस्ट'चा हवाला भेटेल. ती यादी 2013 नंतर पुढे सरकलेलीच नाही.

'इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स'चं काम वेगळं. तो नावांचा जन्मदाखला आहे: नाव कुणी, कुठे, कोणत्या साली छापलं. ते आज चालतं का, हा निवाडा त्याच्याकडे मागू नकोस. टोमॅटोचं बघ. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं 1753 मध्ये त्याला सोलॅनम लायकोपर्सिकम म्हटलं. मिलरनं 1768 मध्ये लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम केलं आणि पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांत तेच चाललं. आता पुन्हा सोलॅनम लायकोपर्सिकम. फिरून फिरून भोपळे चौकात! आणि हो, नावामागचं ते 'एल.' (लिनिअस) किंवा 'मिल.' (मिलर), म्हणजे नाव देणाऱ्या लेखकाची खूण, गाळत जाऊ नकोस. दोन लेखकांनी दोन निराळ्या झाडांना चुकून एकच नाव दिल्याची उदाहरणं आहेत. तिथे लेखकाच्या नावावरूनच झाड कळतं.

पण हे सगळं झाड ओळखल्यानंतरचं. तुझं दुसरं रोप, ज्याला ॲपनं तीन नावं दिली, त्याचे तिन्ही फोटो पानाच्या वरच्या बाजूचे आहेत. बिचारं ॲप काय करणार? प्लँटनेट काय किंवा आयनॅचरलिस्ट काय, असलं ॲप तुझ्या फोटोसारखे फोटो कुठल्या झाडाचे आहेत ते सांगतं. पान फांदीला कसं जोडलंय, पानाची मागची बाजू, देठाशी उपपर्णं (बुडाशी येणारी छोटी पानासारखी अंगं) आहेत का, फूल समोरून आणि बाजूनं, फळ, खोडाची साल, हे सगळं दाखव. तोडल्यावर चीक येतो का, वास कसा आहे, हे फोटोत येत नाही. ते शब्दांत लिही.

मी शिकत असताना एका ओळख-किल्लीत, म्हणजे एकेक प्रश्न विचारत झाडाच्या नावापर्यंत नेणाऱ्या यादीत, पहिलाच प्रश्न होता: पान साधं की अनेक पर्णिकांचं संयुक्त? मी पर्णिकेलाच पान समजले आणि अख्खी संध्याकाळ भलत्याच कुलात, म्हणजे झाडांच्या भलत्याच घराण्यात, हिंडले. कळी पानाच्या बेचक्यात असते, पर्णिकेच्या नसते, एवढं बघितलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. ॲप हे तुझ्यासाठी बघणार नाही. त्याच्याकडून दोन-तीन नावं घे, मग प्रत्येकाचं वर्णन काढून रोपाशी ताडून बघ.

आयनॅचरलिस्टवर 'रिसर्च ग्रेड'चा, म्हणजे ओळख पटल्याचा, शिक्का दिसला की तू निर्धास्त होतेस की काय, अशी मला शंका आहे. दोन जणांचं एकमत झालं तरी तो लागू शकतो. कुंडीतलं रोप टाकताना ते लागवडीचं आहे अशी खूणही कर, नाहीतर ते रानात उगवल्यासारखं नोंदलं जातं. आणि ॲपच्या भरवशावर काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही. गाजराच्याच कुलात कोनियम मॅक्युलेटम हे जहाल विषारी झाड आहे, आणि पानांवरून भल्याभल्यांची फसगत होते.

कुलांबद्दल थोडक्यात. जुन्या पुस्तकात साग व्हर्बिनेसी कुलात सापडेल, आता तो लॅमिएसीत, म्हणजे तुळशीच्या कुलात आहे. 2016 च्या एपीजी-4 या, मुख्यतः डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणात सपुष्प वनस्पतींची 416 कुलं आहेत. कोण का हललं, ते 'अँजिओस्पर्म फायलोजेनी वेबसाइट'वर सापडतं. मजकूर रुक्ष आहे, तरी वाच. मूळ वर्णनं वाचावीशी वाटली तर 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'त जुने ग्रंथ फुकट आहेत. तिथे शिरलं की माझा तरी दिवस जातो.

त्या दुसऱ्या रोपाला फूल येईपर्यंत थांब. आलं की एक फूल ब्लेडनं उभं मधोमध काप, शेजारी पट्टी ठेव आणि फोटो पाठव. तोवर मी नाव सांगणार नाही.

कळावे.