सामुदायिक रेडिओच्या श्रोता मेळाव्याला लोक येत नाहीत, गर्दी कशी वाढवावी?

मेळावे बंद करा आणि वस्तीवर जा. मी ग्रामीण भागातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर निवेदक होते, तिथे याच मुद्द्यावरून केंद्रप्रमुखांशी माझं सतत वाजायचं.

त्यांचा मेळावा म्हणजे व्यासपीठ, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. एकदा सत्कार आणि मनोगतं यांतच अख्खी दुपार गेली. समोर एक मावशी बसल्या होत्या, वस्तीवरून चालत आलेल्या. हातात शाळेची जुनी वही. आमच्या शेळीपालनाच्या कार्यक्रमात सांगितलेलं जंताचं औषध आणि त्याची मात्रा त्यांनी नातीकडून तारखेसकट उतरवून घेतली होती. खाली प्रश्न होता, 'गाभण शेळीला चालतं का?' माइक त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि अहवालासाठी गर्दीचे फोटो काढले गेले.

मला ते सहन झालं नाही. रेकॉर्डर घेऊन मी त्यांच्या वस्तीवर गेले. मावशींनी एक शेळी धरली, तिची खालची पापणी ओढून दाखवली. आतून गुलाबी असेल तर ठीक, पांढरट पडली असेल तर जंतांनी रक्त पिलंय. बघता बघता शेजारच्या चार बायका जमल्या, प्रत्येकीचा वेगळा प्रश्न. पुढच्या भागात पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पापणीची खूण बरोबर असल्याचं सांगितलं, आणि अल्बेंडाझोल हे जंताचं औषध गाभणपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत देऊ नये हेही. आमच्या मूळ कार्यक्रमात ही गोष्ट आलीच नव्हती! मावशींचा आवाज लागला त्या संध्याकाळपासून आजूबाजूच्या वस्त्यांवरून फोन यायला लागले, 'आमच्याकडे कधी येताय?'

केंद्रप्रमुख सरांचं म्हणणं, गावातले लोक माइकसमोर बोलत नाहीत. हे मला कधीच पटलं नाही. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण रेडिओ मंच चालवले, तेही आपल्याच पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर भागातल्या 150 गावांत. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, लगेच चर्चा करायचे आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जायचे. हे सांगितलं की सर म्हणायचे, तो काळ वेगळा होता. होताच. आता तर प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या आवाजात पाठवता येतो, मग अडतं कुठे?

आपल्या केंद्रांचं प्रक्षेपण 100 वॉटचं, फार तर दहा-पंधरा किलोमीटर ऐकू जाणारं. एवढ्या टापूतल्या सगळ्या वस्त्या मोटारसायकलवर होतात. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करायचे हा तर नियमच आहे. 2024 च्या सुधारित नियमांनुसार सल्लागार समितीत निम्म्या महिला हव्यात. तिथे सरपंचांच्या सौभाग्यवतींना नुसतं सहीपुरतं बसवू नका, वहीत लिहून ठेवणाऱ्या बाईला घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. वस्तीवर खुला माइक दिला की गावचं राजकारण निघतंच. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात, म्हणून थेट प्रक्षेपण करू नका, रेकॉर्ड करून ऐका आणि मग लावा.

आणि मेळावा अगदीच निरुपयोगी असतो असंही नाही. सातबारा, पीकविमा, रेशन असल्या विषयांवर अधिकाऱ्याला लोकांसमोर बसवायचं असेल तर तो लागतो. पण मग सत्कार ठेवू नका, अधिकाऱ्याची खुर्ची खाली लोकांच्या रांगेत मांडा आणि पहिला तास फक्त प्रश्नांना द्या. आमच्या सरांनी हे शेवटपर्यंत होऊ दिलं नाही. तुमच्या हातात असेल तर करून बघा.