वाचक विचारतात: नातवंडांना बालमंदिरात घालू का?

प्रश्न: अक्का, मी निपाणीजवळच्या खेड्यातली. मुलगा आणि सून दीड वर्षात पाठोपाठ गेले. नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. मी तंबाखूच्या वखारीत जाते, पण आता गुडघे चालत नाहीत. गल्लीतले सगळे म्हणतात, दोघांना बालमंदिरात, म्हणजे सरकारी बालगृहात घाल, जेवण-शाळा सगळं होतंय. माझं मन होईना. काय करू?

उत्तर: मावशी, मन होईना तर घालू नका. मी हे माया लावून सांगत नाही, कायदाच तसा आहे. 2015 चा बाल न्याय कायदा म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, आधी घर, मग नातेवाईक, आणि काहीच जमलं नाही तर बालगृह. पण आपल्याकडं उलटं चालतं, घरात खायला कमी पडलं की पहिल्यांदा बालमंदिरच आठवतं, आणि आजी पदराला डोळे पुसत पोरांना सोडून येते.

मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत प्रायोजकत्व म्हणून मदत आहे, ऑफिसात स्पॉन्सरशिप म्हणा, लगेच कळतं. आईबाप नसलेलं मूल नातेवाइकांकडं राहत असेल तर महिन्याला 4000 रुपये, आणि ते एका मुलामागं, म्हणजे तुमच्या दोघांचे मिळून 8000. खेड्यात घरचं वर्षाचं उत्पन्न 72 हजारांच्या आत पाहिजे. बेळगावला जिल्हा बाल संरक्षण घटकाचं ऑफिस आहे, तिथं अर्ज द्यायचा. दोघांचे मृत्यू दाखले, मुलांचे जन्म दाखले, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स करून न्या. एकट्या जाऊ नका, अंगणवाडीच्या टीचरला किंवा पंचायतीतल्या कुणाला तरी बरोबर घ्या, कारण तिथला फॉर्म कन्नडमध्ये असला की आपली माणसं अंगठा देऊन गप्प बसतात. पैसे पहिल्या महिन्यात हातात पडत नाहीत, घरी येऊन चौकशी होते, समितीपुढं फाईल जाते, तोवर दम धरा. आणि कुठं अडलं तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन लावा, पैसे लागत नाहीत.

प्रश्न: आम्ही बेळगावातल्या शहापूरचे पाच-सहा मित्र घरातल्या मुलांचे वाढदिवस एका बालगृहात जाऊन साजरे करतो, केक, जिलेबी, पुरी-भाजी देतो. पण बायको म्हणते याचा त्या मुलांना काय उपयोग? तिचं बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर आहे वहिनींचं, राग मानू नका. मी बारा वर्षं एका बालगृहात काम केलंय. एका आठवड्यात तीन वाढदिवस आले होते, तिसऱ्या दिवशी एक सात वर्षांचा पोरगा ताट पुढं घेऊन बसला होता, जिलेबीला हात लावला नव्हता, मी विचारलं तर म्हणाला, "टीचर, माझा कधी?" त्याची जन्मतारीखच कागदावर नव्हती, अंदाजानं 1 जून लिहिलेली. तेवढी पोरं दुसऱ्याच्या मुलासाठी टाळ्या वाजवत उभी होती आणि आम्ही मोठी माणसं फोटो काढत होतो, आजही ते डोळ्यासमोर येतं आणि पोटात कालवतं.

फोटोचंही सांगते. अशा मुलांची ओळख पटेल असा फोटो, नाव, काहीही पसरवायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्टेटसला टाकू नका.

मग द्यायचं काय? आपल्या भागात भाषा द्या. खानापूरच्या जंगलाकडच्या खेड्यातून आलेलं पोर मराठी बोलतं आणि सगळं चालतं कन्नडात. आमच्याकडं एक मुलगी आली होती, पहिले आठ दिवस तोंडातून शब्द नाही, सगळ्यांना वाटलं मुकी आहे, स्वयंपाकाच्या मावशी तेवढ्या मराठी बोलायच्या म्हणून ती दिवसभर चुलीजवळ बसायची आणि लसूण सोलायची. नवव्या दिवशी मावशींना म्हणाली, "माझी चप्पल हरवलीय." म्हणजे आठ दिवस ती अनवाणी होती आणि ते सांगायला तिच्याकडं कन्नड शब्द नव्हता! भारतानं 1992 ला मान्य केलेल्या बालहक्कांच्या करारात लिहिलंय की मुलाला घरापासून लांब ठेवताना त्याची भाषा, त्याची वळणं बघावीत. मला कन्नडविरुद्ध काही म्हणायचं नाही, उलट कन्नड पक्कं पाहिजेच, इथं शाळा-नोकरी त्याच्यावर आहे. पण घरची भाषा सुटली तर सुट्टीत आजीशी बोलणार काय?

तर दर रविवारी दोघंजण दोन तास जा, अधीक्षकांची परवानगी घेऊन, कर्मचारी समोर असताना. एकानं मराठी गोष्ट वाचायची, एकानं कन्नड. पण वर्षभर जाणार असाल तरच सुरू करा, चार रविवार जाऊन बंद केलंत तर न गेलेलं बरं, या मुलांना सोडून जाणारी माणसं भरपूर भेटलीत. आणि वर्गणीचे पैसे उरले तर प्रत्येकाला कुलपाची छोटी पेटी द्या, स्वतःची. कपडे एका ढिगातले, साबण सगळ्यांचा, तेल सगळ्यांचं, अशात एक किल्ली आपल्या करगोट्याला असणं किती मोठं आहे ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न: मी बालगृहात राहतो. डिसेंबरात अठरा पूर्ण होतील, मग बाहेर जावं लागेल म्हणतात. आयटीआयचं एक वर्ष राहिलंय. मला घर नाही. पुढं काय?

उत्तर: बाळा, पत्र लिहिलंस ते फार चांगलं केलंस. अठरा झाले म्हणून पिशवी देऊन गेटबाहेर काढायचं असं कायद्यात नाही. अनुरक्षण, म्हणजे आफ्टरकेअर, 21 वर्षांपर्यंत मिळतं, खास कारण असेल तर 23 पर्यंत, आणि मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना 4000 धरलेत. आयटीआय अर्धं राहिलंय हे सांगायला लाजू नको. बाहेर पडायच्या दोन महिने आधी तुझी पुढची योजना करून बाल कल्याण समितीकडं द्यायची असते, म्हणजे ऑक्टोबरच्या आत. ती आपोआप होईल म्हणून थांबू नको. आजच अधीक्षकांना आणि समितीला एकेक अर्ज लिही, कन्नडमध्ये लिही, मित्राकडून तपासून घे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे.

आधार, टीसी, एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्क्सकार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, यातलं काय तुझ्या फाईलमध्ये आहे आणि काय नाही ते या आठवड्यात बघ. नाही ते आत असतानाच काढून घे, बाहेर पडल्यावर पत्ता कुठला लिहायचा इथूनच अडतं. समितीपुढं बोलवतील तेव्हा सगळं घेऊन जा, आणि काय झालं ते मला परत लिही.