छद्मावरण, अनुकृती की नुसतं ‘रंग बदलणं’?

प्रश्न असा आहे: ऑक्टोपस खडकाला चिकटून दिसेनासा होतो, त्याला छद्मावरण (भोवतालात मिसळून लपणं) म्हणावं, अनुकृती (दुसऱ्याचं रूप घेणं) म्हणावं, की साधं ‘रंग बदलणं’ चालेल?

‘रंग बदलणं’ चालेल, पण सरड्याच्या संगतीनं त्याला मराठीत दगाबाजीचा वास लागलाय. शिवाय ते पुरतं खरंही नाही. ऑक्टोपसच्या कातडीत रंगद्रव्याच्या लवचीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू. मेंदूकडून हुकूम आला की स्नायू आखडतात, पिशवी चहूबाजूंनी ताणली जाते, रंग पसरतो. स्नायू सैलावले की ती आकसून टिपक्याएवढी होते. सगळा खेळ सेकंदाच्या आतबाहेर. रंगद्रव्य तेच राहतं, म्हणून ‘रंग उमटतो नि मिटतो’ हे जास्त नेमकं.

आता छद्मावरण. ‘छद्म’ हा ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूचा. छत्र, आच्छादन ही त्याचीच भावंडं. म्हणजे छद्मावरणात झाकणं दोनदा आलं! असो, शब्द रुळलाय. पण आवरण म्हणजे वरून घेतलेलं, आणि तसं ते अक्षरशः घेतात काही खेकडे: पाठीवरच्या आकडेदार केसांत शेवाळ नि स्पंजाचे तुकडे अडकवून बसतात. कवच टाकलं की नव्या कवचावर पुन्हा सगळी मांडामांड. लेप मासा मात्र तळाच्या वाळूसारखे ठिपके स्वतःच्या कातडीवरच आणतो. तिथे, आणि ऑक्टोपसच्या बाबतीतही, मी ‘बेमालूम मिसळतो’ असं लिहीन. ‘मालूम’ म्हणजे ठाऊक, ‘बे’ म्हणजे विना. कुणाला पत्ता लागू न देता. घरचा शब्द असताना जड पारिभाषिक कशाला?

‘अनुकृती’ इथे चुकेल. अनुकृतीत प्राणी लपत नाही, ठळक दिसतो, पण भलताच कुणी म्हणून. इंडोनेशियाच्या समुद्रातल्या ज्या ऑक्टोपसला 2005 मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, तो सहा हात बिळात सारतो आणि उरलेले दोन विरुद्ध दिशांना ताणून धरतो. हातांवर गडद-फिकट पट्टे असतातच, त्यामुळे पाहणाऱ्याला पट्टेरी विषारी समुद्रसाप वाटतो. याला ‘सोंग वठवणं’ म्हणावं. पाल्यासारखी झालर असलेला समुद्री ड्रॅगन हा मासा मात्र सीमेवरचा. त्याला मी छद्मावरणातच धरेन, कारण त्याला पाहून कुणी घाबरत नाही, दुर्लक्ष करून पुढे जातं.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इशाऱ्याच्या रंगांबाबत. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस डिवचला की त्याची कडी झगमगू लागतात. लाळेत टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असतं. या झगमगाटाला छद्मावरण म्हणणं म्हणजे अर्थ उलटा करणं; इथे ‘इशारारंग’च हवा. मात्र हाच प्राणी निवांत असताना मळकट पिवळसर दिसतो, कडी पुसट असतात, आणि तेव्हा त्याला ‘बेमालूम’ म्हणण्यात काहीच चूक नाही.