बडोद्याच्या दांडिया बाजारातून सामान हलवायला दोन टेम्पोवाल्यांचे रेट आलेत, एक ५०० अधिक किमीला २० म्हणतो, दुसरा २०० अधिक किमीला ३५, कोण स्वस्त?

किती लांब जायचंय ते सांगितलंच नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे.

किमीला x धरा, रुपयांना y. पहिल्याचं y = ५०० + २०x, दुसऱ्याचं y = २०० + ३५x. दोन्ही बरोबर कधी होतात बघायचं तर ३०० = १५x, म्हंजे २० किमीला दोघंही ९०० घेणार. त्याच्या आत दुसरा स्वस्त, पुढे पहिला. गावातल्या गावात मांजलपूर वगैरे असेल तर डोळे झाकून दुसरा घ्या, पण आणंदला जाणार असाल तर साधारण ४० किमी धरा, तिथे पहिला १३०० आणि दुसरा १६००.

ग्राफ काढायचा असेल तर प्रत्येक रेषेला दोन पॉइंट पुरतात, ० किमीचा आणि ४० किमीचा, जोडले की २० वर कापतातच. उभ्या अक्षावर रेषा जिथून सुरू होते तो फिक्स चार्ज आणि चढ म्हणजे किमीचा रेट, ज्याचा रेट जास्त त्याची रेषा जास्त उभी.

आता खरी गोम, हे लोक वेटिंग आणि हमालीचं नंतर काढतात. समजा दुसऱ्याने १५० हमाली लावली तर त्याची रेषा तशीच्या तशी वर सरकते, चढ तोच, पण कापायची जागा २० वरून थेट १० किमीवर येते. आणि रिटर्नचे किमी मोजतो का तेही आधीच विचारा, मोजत असेल तर x डबल.