दिवाळ्याचे नाखवा आता बोट काढणार नाहीत

विचारलंय की नवी मुंबईत माणशी पैसे घेऊन बोटीतून गळ टाकायला कोण नेतं आणि ज्याने कधी गळ हातात धरला नाही अशा माणसाने जावं का. तर जावं, नक्की जावं. पण मी पंधरा वर्षं ज्यांच्या बोटीत बसलो ते नाखवा या मे महिन्यात शेवटची खेप मारून थांबले, आणि त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला या प्रश्नाचं उत्तर देताच येणार नाही. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. दिवाळे कोळीवाड्यात, म्हणजे बेलापूरच्या खालच्या अंगाला, अख्खी जेट्टी त्यांना नाखवाच म्हणते.

मी मूळचा आटपाडीकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर नाहीतर टँकर. २०११ ला नोकरीसाठी नेरूळला आलो, महापेला ऑफिस, आणि तिथल्याच एका मित्राने एका रविवारी चल म्हणून ओढून नेलं. तेव्हा नाखवा माणशी ५०० रुपये घ्यायचे. फायबरची बोट, मागे डिझेल इंजिन, सहा माणसं आणि सातवे ते. जास्त लोक आले, जास्त पैसे देतो म्हणाले, तरी सातवं गिऱ्हाईक कधी घेतलं नाही. आणि सगळ्यांनी लाईफ जॅकेट घालून बक्कल लावल्याशिवाय इंजिनला हात लावायचे नाहीत, मग समोर कोणी का असेना.

बाकीच्यांकडे दुकानातले रॉड आणि रीळ होते, माझ्याकडे काहीच नव्हतं. नाखवांनी एका लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी दिली, खाली शिसं आणि दोन गळ, गळाला जिवंत कोळंबी. मी आपली मुठीत घट्ट धरून बसलो तर त्यांनी येऊन माझी मूठ उघडली, दोरी माझ्या पहिल्या बोटाच्या पेरावर ठेवली आणि म्हणाले, "पोरा, अशी धर. मुठीला काय कलत नाय, बोटाला कलतं." आणि खरंच सांगतो, दहा मिनिटांत कळायला लागलं. शिसं चिखलात बसलं की दोरी नुसती जड होते, खडकाला लागलं की बारीक टक् असं येतं. ढोमा मासा टुकटुक करतो, थांबतो, परत टुकटुक. चिंबोरी, म्हणजे खेकडा, लागली की कोणीतरी ओलं फडकं ओढत नेतंय असं वाटतं. आणि जिताडा मासा असला तर आधी काहीच नाही, एकदम दणका. ते माझ्या शेजारी बसून माझ्याच दोरीला खालून एक बोट लावायचे आणि मासा वर यायच्या आधी सांगायचे काय आहे ते, आणि दहातल्या आठ-नऊ वेळा तेच निघायचं. अर्ध्या हाताचा जिताडा निघाला की म्हणायचे हा नर, हा मोठा झाला की मादी होनार. मला वाटायचं कोळीवाड्यातली गोष्ट असेल. नंतर वाचलं तर अगदी खरं आहे, जिताडा आधी नर म्हणून वाढतो आणि पुढे मोठा झाला की मादी होतो.

कुठल्या दिवशी जायचं हे त्यांच्याकडूनच शिकलो, तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी धावतं, शिसं तळाला टिकतच नाही आणि सगळं गढूळ. शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या आसपास भांग असते, भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी सावकाश चालतं, गळाला हेच दिवस चांगले. आणि भरतीची वेळ काढायला त्यांना मोबाईल लागला नाही कधी, तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहा पाऊणे साडेचार, साडेचारला भरती, दुसरी त्यानंतर साडेबारा तासांनी. ज्यांना शाळेत पाऊणकी पाठ करायला लावली त्यांना लगेच जमेल. मी कितीतरी वेळा अ‍ॅपशी ताडून बघितलं, फरक पडला तर अर्ध्या-पाऊण तासाचा.

आता जागा कशी सापडवायची, हे तर मला आजही पूर्ण जमलेलं नाही. पाण्यावर खूण करता येत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरायच्या आणि दुसऱ्या बाजूच्या दोन दुसऱ्या रेषेत, दोन्ही रेषा जुळल्या की खाली खडक, नांगर टाका. नाखवांची एक लाडकी जागा होती, तिची एक खूण घारापुरीकडची आणि दुसरी उलव्याच्या डोंगराची. आणि तो उलव्याचा डोंगर, चांगला नव्वद-एक मीटर उंच, विमानतळासाठी सुरुंग लावून सपाट केला. दर सीझनला तो थोडा थोडा खाली जाताना आम्ही बोटीतून बघत होतो. इकडे २०१८ ला अटल सेतूचं काम सुरू झालं, बार्जेस आल्या, तेव्हा आणखी दोन ठिकाणं सुटली. नाखवा चिडले नाहीत असं मी म्हणणार नाही, एक दिवस सबंध परतीच्या वाटेत बोलले नाहीत. पण पुढच्या भांगेला आम्हाला घेऊन गेले तेव्हा इंजिन अगदी हळू ठेवून शिसं तळाशी ओढत ओढत निघाले, चिखल, चिखल, चिखल, आणि एका ठिकाणी हात वर केला. माझ्या बोटालाही ते टक् आलं. तोच खडक. मग त्यांनी मान वळवून उलव्याच्या नव्या टॉवरांमधला एक पाण्याच्या टाकीवाला निवडला आणि म्हणाले, "आता हा आपला डोंगर."

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायलाच हवा. २०१६ ला माझा भाचा आला होता सुट्टीत, बारा वर्षांचा. त्याला शिंगाळा लागला, आनंदाने ओरडला आणि सोडवायला सरळ हात घातला. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, विषारी, आणि तो पोराच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. पोरगं पांढरं पडलं. मी बर्फाच्या पेटीकडे धावलो तर नाखवांनी मला जवळजवळ ढकलून बाजूला केलं, "बरफ नाय, गरम पानी!" स्टोव्हवर चहाचं पाणी होतंच, ते डब्यात ओतलं, त्यात गार पाणी घालून आधी स्वतःचा हात बुडवून बघितला, सोसेल इतपतच गरम आहे ना ते, आणि मग पोराचा हात धरून त्यात ठेवला. तासभर. पाणी निवलं की बदलायचे, प्रत्येक वेळी आधी आपला हात. तोवर नाखवांच्या पुतण्याने बोट वळवली होती. पोरगं रडत होतं आणि नाखवा त्याला आपण स्वतः पहिल्यांदा समुद्रात गेलो त्या दिवशीचं सांगत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साफ केली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले गरम पाण्यात धरलंत ते बरोबर केलंत, त्याने ते विष मंदावतं. त्या दिवशी सहाही जणांचे पैसे त्यांनी परत दिले, कोणी मागितले नव्हते. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे, अजून नाखवांची चौकशी करतो.

वारा बदलला म्हणून अर्ध्यातून परत आलोय असंही खूपदा झालं, नवीन लोक कुरकुर करायचे, ते ऐकून घ्यायचे आणि बोट काही पुन्हा समुद्राकडे वळवायचे नाहीत. आणि ज्याला दिवसभर काहीच लागलं नाही त्याच्या पिशवीत उतरताना स्वतःचा मासा घालायचे, गुपचूप, घरी गेल्यावरच कळायचं. दुपारी बोटीतच ढोम्याचं कालवण व्हायचं, चिंच आणि घरचा मसाला, बरोबर नाखवीणबाईंनी फडक्यात बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. मी पुढे चांगल्या चांगल्या हॉटेलांत जेवलो, ती चव नाही.

आता गुडघे चालत नाहीत त्यांचे. १ जून ते ३१ जुलै तशीही यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तर बंदीच्या आधीच्या भांगेला शेवटची खेप करायची असं ठरलं. आम्ही जुने सहा जण गेलो. सुकाणू पुतण्याकडे, नाखवा पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकाला, आमच्यासारखे दोरी घेऊन बसले, पंधरा वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदा बघितलं. ते नेहमी उभं राहून पायाने सुकाणू धरायचे. परत येताना दिवाळ्याच्या खाडीत शिरायच्या तोंडाशी चिखलाचा उंचवटा आहे, तिथे बोट डावीकडे काढावी लागते. मी त्यांच्या पायाकडे बघत होतो. पुतण्याने वळवायच्या आधी त्यांचा उजवा पाय लाकडावर सरकला, दाबला गेला, आणि बोट वळून सरळ झाली तसा परत जागेवर आला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही त्यांनी. जेट्टीवर उतरल्यावर मी पाया पडलो, तर म्हणाले, "पोरा, येत जा घरी, बोट नाय म्हनून काय झालं."

खेपा आता पुतण्या करणार आहे, हात त्याच शाळेतला आहे, बिनधास्त जा. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली भांग म्हणजे गोकुळाष्टमीच्या आसपास. आठ पाऊणे सहा, सहाला भरती, ओहोटीत जेट्टीशी चिखल होतो म्हणून भरतीवरच निघतात, तर साडेपाचला जेट्टीवर पोचा आणि कोणालाही विचारा नाखवांची बोट कुठली. अजून तेच म्हणतात.