तिसऱ्या बिऱ्हाडाचं वीजबिल

प्रश्न : आपल्या आकाशगंगेजवळ हायड्रोजनचे ढग भन्नाट वेगाने धावतात आणि शास्त्रज्ञ त्यांत धूळ शोधतात, असं वाचलं. ढग दिसतो तर धूळ दिसायला अडचण कसली? आणि धुळीसाठी एवढा आटापिटा का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ही आपल्या माळ्यावरची धूळ नव्हे. मायक्रॉनहूनही बारीक कण, काही वाळूच्या जातीचे, काही काजळीसारखे. त्यांतलं सिलिकॉन, कार्बन, लोह सगळं ताऱ्यांनी शिजवलेलं. म्हणजे ढगात धूळ असेल तर त्या वायूत कुठल्या तरी ताऱ्यांची राख मिसळली आहे. नसेल तर तो बराचसा कोरा असावा. आकाशगंगेला नवे तारे घडवायला वायू बाहेरून मिळतो की आपलाच उडालेला परत पडतो, हे ठरवायला धूळ उपयोगी पडते. आटापिटा त्यासाठी.

आता अडचण. हे ढग १९६३ मध्ये नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या रेडिओ दुर्बिणीने सापडले; म्युलर, ऊर्ट आणि रेमाँड यांचं काम. हायड्रोजनची खूण म्हणजे २१ सेंटिमीटरची रेडिओ रेषा. ढग जवळ येत असेल तर ती थोडी आखडते, दूर जात असेल तर लांबते, त्यावरून वेग कळतो. साधारण सेकंदाला ९० किलोमीटरच्या वर गेला की ढग ‘अतिवेगवान’. धुळीची मात्र अशी रेषा नसते. ती नुसती अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात मंद धगधगते, आणि त्या धगीवर वेगाचा शिक्का नसतो. एकाच दिशेला जवळची धूळ, मधली धूळ, लांबची धूळ, सगळी एकात एक. (पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्याही २१ सेंटिमीटरची रेषा ऐकतात, पण विज्ञान दिनाला तिथे गेलात तर धुळीची धग दाखवा म्हणू नका, ते रेडिओचं काम नव्हे.)

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलो. तीन बिऱ्हाडांत मीटर एकच. मालक एकच बिल आणून द्यायचे आणि मग भांडणं. कोण कुठल्या महिन्यात किती दिवस गावी होतं, हे वडिलांना ठाऊक. वर्षाची बिलं मांडून त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर प्रत्येकाचा वाटा काढला. खगोलशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. हायड्रोजनच्या नकाशावरून कुठे कोणता ढग किती, म्हणजे कोण घरी, हे कळतं. अवरक्त उजेड म्हणजे एकूण बिल. आकाशातल्या असंख्य ठिकाणांची बिलं एकत्र मांडायची.

अवरक्त उजेड टिपणाऱ्या १९८३ च्या आयरास उपग्रहाच्या नोंदी अशा तपासल्या, तेव्हा अतिवेगवान ढगांच्या वाट्याला काहीच आलं नाही. २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या नोंदींवरून ‘कॉम्प्लेक्स सी’ या अतिवेगवान ढगात अतिथंड, शून्याखाली सुमारे २६० अंशांवरची धूळ सापडल्याचं जाहीर झालं. मग २०११ मध्ये प्लँक उपग्रहाच्या नोंदींतून आणखी क्षेत्रं पाहिली, तर मध्यम वेगाच्या ढगांत धूळ दिसली, अतिवेगवान ढगांत ठाम काही नाही. मला यात नवल वाटत नाही. तिथे मुळात कण कमी आणि ऊब द्यायला तारे लांब.

पुढे दुसरी वाट निघाली. ढगामागच्या क्वेसारचा, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या झगझगीत केंद्राचा प्रकाश ढगातून येताना तिथल्या वायूतली मूलद्रव्यं आपली खूण उमटवतात. गंधक सहसा वायूतच राहतं, लोह मात्र कणांना चटकन चिकटतं. हबलच्या वर्णपटांवरून २०२३ मध्ये ‘कॉम्प्लेक्स सी’त गंधकाच्या मानाने लोह कमी भरलं. गायब लोह धुळीत गेलं, असा निष्कर्ष निघाला.

आमच्या वाड्यात तिसऱ्या खोलीत एक विद्यार्थी राहायचा. वडिलांच्या हिशेबात त्याचा वाटा शून्य आला होता. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर त्याच्या दाराखालच्या फटीतून पिवळट उजेड. पंधरा वॅटचा दिवा, पहाटेपर्यंत. पुढच्या महिन्यापासून वडिलांनी त्याच्या नावावर चार आणे धरले.