स्लॉट मशीन काळानुसार कशी बदलत गेली? जुन्या हँडलच्या मशीनवर जिंकणं सोपं होतं का?

स्लॉट मशीन म्हणजे नाणं टाकून चित्रांची चाकं फिरवायची आणि चित्रं जुळली तर पैसे मिळायचे, असं जुगाराचं यंत्र. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सोपं नव्हतं, पण किती अवघड आहे ते मोजता यायचं. पुढे ते मोजणं बंद झालं आणि त्यात माझा मामा बुडाला, म्हणून लिहायला बसलो.

मामाचं शुक्रवार पेठेत एका जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. १९८६ साली जुन्या बाजारात त्याला हँडलचं एक गंजलेलं मशीन दिसलं, कुठल्याशा क्लबातून भंगारात निघालेलं. दीडशे रुपयांना घेतलं आणि रिक्षात घालून दुकानात आणलं. मी तेव्हा नववीत होतो. पुढचे तीन महिने शाळा सुटली की मी दुकानात, हातात ब्रश आणि शेजारी रॉकेलची वाटी.

मागचं दार उघडल्यावर मामा जो खूश झाला, तसा मी त्याला क्वचितच पाहिला. आत चक्क घड्याळाची यंत्रणा होती. हँडल ओढलं की स्प्रिंग ताणली जायची आणि सुटताना तिन्ही चाकांना झटका बसायचा. मग गोल फिरणाऱ्या एका छोट्या पंख्याने वेळ धरलेली, तेवढ्या वेळाने तीन खटके डावीकडून एकेक करून पडायचे. खटका दातेरी चाकाच्या खाचेत बसला की चाक जागच्या जागी थांबलं. प्रत्येक चाकाला भोकं पाडलेली एक चकती. चाकं थांबल्यावर लोखंडी बोटं त्या चकत्या चाचपायची आणि भोकात शिरली तर खालची पट्टी सरकून नळीतली नाणी पडायची. चार आण्याचं नाणं त्यात जेमतेम चालायचं.

मामाने चित्रं मोजली. प्रत्येक चाकावर २०. म्हणजे एकूण ८,००० जुळण्या. सगळ्यात मोठं बक्षीस 'बार' नावाचं चित्र तिन्ही चाकांवर आलं तर. बार पहिल्या चाकावर एक, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर एक. आठ हजारांत तीन वेळा. दुकानाच्या वहीत त्याने हे लिहून ठेवलं आणि म्हणाला, "मालक लबाड असेल रे, पण चाक खोटं बोलू शकत नाही." हे वाक्य त्याने पुढे पंधरा वर्षं धरून ठेवलं.

आता तुमचा इतिहास. १८९१ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट यांचं मशीन आलं. त्यात पाच ड्रमवर ५० पत्ते असायचे आणि पोकर या पत्त्यांच्या खेळातला हात, म्हणजे पत्त्यांची ठरलेली जुळणी, लागली तर बारवाला बिअर किंवा सिगार द्यायचा. पैसे मशीनमधून पडत नसत, कारण इतक्या प्रकारचे हात ओळखून पैसे देणं त्या यंत्राला जमणारं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे याने ते सोडवलं: चाकं तीनच, चित्रं पाचच (नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा), पैसे देणं यंत्राकडे. तेच ते 'लिबर्टी बेल'. तीन घंटा आल्या की ५० सेंट. पुढे शिकागोच्या मिल्सने फळं आणली. पैशाच्या जुगारावर बंदी होती तिथे ही मशीनं फळांच्या स्वादाचं च्युइंगम देतात असं दाखवलं जायचं. 'बार' हे चित्र त्या गमच्याच छापावरून आलं. आमच्या मशीनवरचा बार कुठून आला, हे मला वीस वर्षांनी कळलं.

१९६० च्या दशकात बॅली कंपनीच्या 'मनी हनी'त वीज आली आणि नाण्यांचा मोठा हॉपर, म्हणजे नाणी साठवून बाहेर देणारा डबा, आला. हँडल राहिलं, पण चाकं फिरवायला त्याची गरज उरली नाही. १९७६ मध्ये लास व्हेगासला पडद्यावरचं पहिलं मशीन लागलं, त्यात चाकंच नव्हती. आणि १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना पेटंट मिळालं. सगळ्यात मोठा बदल हाच, आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेला. चाक कुठे थांबायचं ते आकडे काढणारा संगणक ठरवतो, चाक फक्त तो निकाल दाखवतं. समजा चाकावर दिसणाऱ्या जागा २२ आहेत. बघणारा हिशेब करतो २२ गुणिले २२ गुणिले २२, म्हणजे १०,६४८. आत मात्र प्रत्येक चाकाला ६४ आकडे असू शकतात, म्हणजे २,६२,१४४ जुळण्या, आणि मोठ्या बक्षिसाच्या चित्राला ६४ पैकी एकच आकडा. त्या चित्राच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना जास्त आकडे दिले की 'थोडक्यात हुकलं' हे सारखं दिसत राहतं.

मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं. क्वार्ट्झ घड्याळं आली, दुरुस्ती कमी झाली, दुकानात दिवसदिवस कोणी फिरकेना. २००१ मध्ये तो स्वारगेटजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जाऊ लागला. पडद्यावर तीच चेरी, तीच घंटा, तोच बार. तो तिथे वही घेऊन बसायचा. प्रत्येक फेरीची तीन चित्रं लिहायची आणि चाकावरचा क्रम शोधायचा. क्रम सापडला की झालं, असं त्याचं गणित. तीन महिन्यांत ३८ हजार गेले आणि मामीच्या पाटल्या गहाण पडल्या.

मी तेव्हा तपकीर गल्लीत टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करायचो. तसल्याच एका पार्लरचा बोर्ड माझ्याकडे आला. त्यावर आठ बारीक स्विचांची पट्टी होती आणि सोबत मालकाने हाताने लिहिलेला तक्ता: कुठला स्विच खाली केला की लावलेल्या पैशांतले किती टक्के खेळणाऱ्याला परत जातात. मी तो बोर्ड उचलून थेट मामाच्या दुकानात नेला. त्याने डोळ्याला भिंग लावलं, बोर्ड उलटा केला, सुलटा केला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मग चित्रं फिरतात ती कशाला?"

त्यानंतरही तो दोनदा गेला. मग बंद.

माझा थोरला भाऊ आजही म्हणतो, मामा लोभी होता. साफ चूक. लोभी माणूस वही घेऊन बसत नाही. मामाने जे यंत्र स्वतःच्या हातांनी उघडलं होतं त्यावर विश्वास ठेवला, आणि नवं यंत्र मुद्दाम त्या जुन्या यंत्राचं रूप घेऊन त्याच्यासमोर उभं होतं. तुम्ही मोबाइलवर असलं काही खेळत असाल तर चित्रांकडे बघून अंदाज बांधू नका. आणि घरात कोणी यात अडकलं असेल तर त्याला लोभी म्हणण्याआधी तो नेमकं काय समजून खेळतोय ते विचारा. आम्ही मामाला तीन महिने विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

दोन गोष्टी राहिल्या. सगळीच इलेक्ट्रॉनिक मशीनं लबाड असतात असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात किमान ७५ टक्के परत देण्याचा नियम आहे आणि मशीनची तपासणी होते; पेठेतल्या पार्लरचा बोर्ड कोण तपासणार? आणि 'मशीनने बराच वेळ दिलं नाही, आता देईल' हे बहुतेक ठिकाणी खोटं असलं, तरी ब्रिटनच्या पबमधली काही मशीनं आधीच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवून चालतात, हेही खरं. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीनंतर पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला.

हँडलचं मशीन माझ्याकडे आहे, अजून चालतं. मामाच्या दोन वह्याही आहेत. प्रत्येक ओळीला तारीख, फेरीचा क्रमांक आणि तीन चित्रं, घड्याळजीच्या बारीक अक्षरात. दादाने त्या अजून उघडलेल्या नाहीत.